स्केल्डनचा बाजार एकही मंगळवार चुकला नाही

स्केल्डन, बाजारचौक, घड्याळांच्या दुकानावरची खोली
फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप हेस्टरताईस,

धाकट्या ऑस्बर्टचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण दाराबाहेर कमरेएवढा बर्फ आहे आणि माझ्या पाठीचं तुला ठाऊकच आहे, तेव्हा उभ्या उभ्या घातलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? क्लेमंट दाजींच्या मधमाश्या या थंडीत तगल्या का? (तगल्याच असतील. ब्रॅकनथॉर्पच्या माश्या त्या. आयतं खाऊन बसून राहायची तिथे सगळ्यांनाच सवय.) आमच्याकडे सर्व क्षेम. विनीचा खोकला बरा आहे, मांजर चुलीपुढून हललेली नाही, आणि नळ गोठल्यामुळे आंघोळीची कटकट मिटली आहे.

पत्र लिहायला कारण असं की, तुमच्याकडे एक आवई उठल्याचं इथे कळलं. म्हणे, स्केल्डनचा बाजार मोडला, सातशे वर्षांची परंपरा बर्फात गाडली गेली, आणि हे ऐकून आमच्या दाजींनी क्लबात सगळ्यांना बिअर पाजली. दाजींचा मला राग नाही. ज्या गावाला स्वतःचा इतिहास नाही त्याने दुसऱ्याचा संपल्याचा आनंद करावा, यात नवल ते काय! परंतु तू या चौकात जन्मलेली, रेस्ट्रिकांच्या घरातली मुलगी. तुला तरी खरं काय ते कळावं, आणि शक्य झाल्यास हे पत्र तू दाजींना मोठ्याने वाचून दाखवावंस. (कंसातलं गाळलंस तरी चालेल. नाही गाळलंस तर जास्त बरं.)

तुला सगळं माहीत आहे म्हणा, पण ब्रॅकनथॉर्पचं पाणी प्यालं की माणसाला विसर पडतो, म्हणून थोडी उजळणी करतो. शिकारीत वाट चुकलेला राजा आपल्या गावात आला, आपल्या एका म्हातारीने त्याला मेंढीच्या दुधाचं चीज खाऊ घातलं, आणि त्याने खूश होऊन दर मंगळवारी बाजार भरवायचा हक्क दिला, ही झाली सुरुवात. (तुमच्याकडे सांगतात की चीज नासकं होतं आणि राजाला इतकी घाई लागली की त्याने पुढे येईल त्यावर शिक्का मारला. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना त्यांची पोटं लखलाभ.) पण राजा हुशार. त्याने अट घातली की बाराचा ठोका पडायच्या आत निदान एक तरी वस्तू परगावच्या माणसाने विकत घेतली पाहिजे. गावातल्यांनी गावातल्यांकडून घेतलं तर तो बाजार नव्हे, शेजारधर्म. आणि असा एक जरी मंगळवार चुकला, तरी हक्क संपला.

तो चुकला नाही, ताई. प्लेगच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. परगावचे लोक ओढ्याच्या पलीकडच्या काठाला थांबायचे, मधल्या दगडाच्या खळग्यात, नाण्यांतून रोग पसरू नये म्हणून, व्हिनेगर ओतलेलं असायचं, त्यात ते नाणी टाकायचे, आपली माणसं पीठ नि चीज दगडावर ठेवून मागे सरायची. आणि भाव कोण पुकारायचं? आपला अँब्रोज रेस्ट्रिक. त्याच्या घरातली तीन माणसं त्या उन्हाळ्यात गेली. धाकटी मुलगी सोमवारी गेली. मंगळवारी हा ओढ्याकाठी घंटा घेऊन उभा, कारण पलीकडच्यांच्याही घरात मुलं होती आणि त्यांना पीठ हवं होतं. हे लिहिताना मला जरा थांबावं लागलं. असो.

पुढे राजाची फौज आणि पार्लमेंटची फौज एकाच मंगळवारी दोन दिशांनी चौकात उतरली, तेव्हा आपल्या पंचांनी दोघांनाही सांगितलं, लढाई बाजार उठल्यावर. तोवर दोघांना चीज विकलं, आणि तोफांना चाकं आहेत म्हणून गाड्यांच्या हिशेबाने जकात लावली. अशा लोकांचं रक्त आपल्या अंगात आहे! (आगगाडीला नाही म्हणणारेही तेच, हे मी नाकारत नाही. इंजिनाच्या शिट्टीने गाईंचं दूध फाटेल अशी त्यांची समजूत होती. मग रूळ तुमच्याकडे गेले, नि रुळांमागून गिरण्या, बँका, सिनेमा आणि माज. पण आपलं दूध फाटलं नाही, हेही खरं.)

आता मूळ गोष्ट. जिल्हा कौन्सिलला आपला चौक हवा आहे. कशाला, तर मोटारी उभ्या करायला! जिथे सातशे वर्षं माणसं उभी राहिली तिथे रिकाम्या मोटारी उभ्या राहणार. पण बाजाराचा हक्क आहे तोवर त्यांना चौकाला हात लावता येत नाही. म्हणून ते बाजार चुकायची वाट बघत बसलेले, मांजराने बिळापाशी बसावं तसे. तो मोठा बर्फ पडला मात्र, आणि सोमवारच्या शेवटच्या बसने एक साहेब उतरला. त्यानंतर रस्ता बंदच झाला.

साहेबाचं नाव लायनेल पर्स्लो. तरुण, सडपातळ, काळी गोल टोपी, आणि पायांत शहरी बूट, कागदाचे असावेत तसे. 'तीन नाल' खानावळीत उतरला. मी त्याला भेटायला गेलो आणि पाहुणा म्हणून बिअर पुढे केली, तर दोन्ही हात वर करून म्हणाला, "क्षमा करा. सरकारी माणसाला कुणाकडून काही भेट घेता येत नाही." मग हळूच म्हणाला, "मिस्टर रेस्ट्रिक, माझं तुमच्याशी काही वैर नाही. उद्या विक्री झाली तर झाली म्हणून लिहीन. नाही झाली तर नाही म्हणून लिहीन. मला त्यासाठीच पाठवलंय." मी म्हटलं, "आणि तुम्ही स्वतः काही घेतलंत तर?" तो हसला. "मी काहीही घेणार नाही. सँडविच घरून आणलंय. चहाही थर्मासात आहे." म्हणजे बघ, अख्ख्या गावात परगावचा माणूस एकच, आणि तो घरून खाऊन-पिऊन आलेला!

मंगळवारी सकाळी खिडकी उघडली तर चौक दिसेचना. दगडी क्रूसाचा नुसता शेंडा वर, बाकी सगळं पांढरं सपाट. विनी म्हणाली, "अहो, चर्चच्या घड्याळाची किल्ली तुमच्याकडेच असते ना? मग थोडं मागे करा की. कोणाला कळणार आहे?" मी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मुकाट्याने माझा मफलर शोधायला गेली. सातशे वर्षांचा बाजार खोट्या वेळेवर टिकवायचा? अँब्रोजला मी काय तोंड दाखवलं असतं! (खरं सांगायचं तर मनोऱ्याचं दारही गोठलेलं होतं. पण ते मला नंतर कळलं.)

मी बाबांचा, पुकारणाऱ्याचा तांबडा अंगरखा चढवला, तिकोनी टोपी घातली, घंटा घेतली आणि क्रूसापाशी जाऊन दवंडी दिली. ऐका हो ऐका, मंगळवार आहे, बाजार उघडला आहे! कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. बर्फात आवाज पुढे जात नाही, गादीत बुक्की मारल्यासारखा तिथेच मुरतो. मग मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जाऊन ओरडलो. वरच्या आळीत, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत, नदीकडे, सगळीकडे. आणि ताई, लोक यायला लागले! कोण फावडं घेऊन वाट करतंय, क्रूसाच्या पायऱ्या नि हौद उकरतंय, कोण घराचं दार बिजागरीवरून काढून त्यावर माल ठेवून ओढत आणतंय. चीज आलं, गरम सॉसेजं आली, आल्याचा केक आला, पाद्रीबाईंनी मेणबत्ती लावायची स्वतःची पितळी दांडी आणली. गेल्या उन्हाळ्यातल्या एखाद्या बऱ्या मंगळवारीही इतके गाळे नव्हते.

फक्त गिऱ्हाईक एकच. ते क्रूसाच्या पायरीवर थर्मास घेऊन उभं.

लोकांनी त्याला काय काय करून सोडलं म्हणून सांगू! सॉसेजवाल्याने परतायची कढई नेमकी वाऱ्याच्या बाजूला मांडली, सगळा वास थेट साहेबाच्या नाकात. साहेबाने नाकाला रुमाल लावला. पाद्रीबाईंनी दांडी त्याच्या हातात देऊन बघितली. त्याने ती पायरीवर ठेवली. "साहेब, तुमच्या आईला न्या केक." "आई वारली." "मग बायकोला न्या." "लग्न झालेलं नाही." "अरेरे, मग तर दोन न्या!" तो प्रत्येकाला नम्रपणे नाही म्हणे. मला त्याचा राग येत होता आणि थोडं कौतुकही वाटत होतं. असा एक माणूस आपल्या बाजूने असता तर तुमचं ब्रॅकनथॉर्प आपण केव्हाच जिंकलं असतं.

अशात वरच्या पठारावरचा जेबेझ स्टॉट आला. (तुला आठवत असेल, लहानपणी आपल्या सफरचंदाच्या झाडावर चढून फांदीसकट खाली आला होता तो. आता सत्तरीला टेकला, अक्कल अजून फांदीवरच.) त्याने आपला एडका आणला होता. एडक्याचं नाव बिशप, आणि स्वभाव नावाच्या अगदी उलट. जेबेझ वर्षानुवर्षं त्याला बाजारात आणतो आणि संध्याकाळी परत नेतो. "साहेब, नुसता हात फिरवून बघा, लोकर कशी आहे," जेबेझ म्हणाला आणि दोरी जरा सैल सोडली. साहेब मागे सरला. मागे सरलेला माणूस बिशपला खपत नाही. त्याने मान खाली घातली, चार पावलं मागे गेला आणि जी टक्कर दिली, की साहेब, टोपी आणि थर्मास तिघं तीन दिशांना! साहेब पडला तो नेमका गुरांच्या पाण्याच्या हौदात. वरचा बर्फाचा पापुद्रा फुटला आणि तो मांड्यांपर्यंत आत गेला.

आम्हीच त्याला ओढून बाहेर काढलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा रागाने लिहील, आणि त्याचं काय चुकलं! पण तो पायरीवर बसला, बूट काढले, त्यातलं पाणी ओतलं आणि परत घड्याळाकडे बघत उभा राहिला. ओल्या मोज्यांनी! खानावळीत जाऊन शेकत बसला असता, पण कामाची जागा सोडेना. "साहेब, आत तरी चला," मी म्हटलं. "बारा वाजल्यावर," तो म्हणाला. दातांनी त्याचे शब्द कुरतडले जात होते.

क्रूसाच्या पलीकडे केझाया ऑगल बसली होती. ती विधवा गं, मोजे विणणारी, कानाने कमी. तिचा गाळा मी हिशेबातच धरला नव्हता, कारण तिने आयुष्यात कुणाकडून मोज्यांचे पैसे घेतल्याचं मला माहीत नाही. पोस्टमन, पाद्री, वाटेने जाणारे भटके, सगळ्यांना फुकट. तिने मान वर केली.

"काय रे बाळा, पाय भिजले?"

"काही विशेष नाही, बाई."

"विशेष नाही काय? ओठ निळे पडलेत तुझे!" आणि मांडीवरच्या गरम पाण्याच्या पिशवीखालून तिने एक जोड काढला. जाडजूड, राखाडी, त्यातून वाफ येतेय असं मला दिसलं. "हे घाल. घे, घे. पैसे कोण मागतंय तुला!"

फुकट दिलं तर ती विक्री कसली, ताई! विनीने डोळे मिटले. मी ओरडलो, "केझायाबाई, बाजार आहे हा! बाजार!" तर ती मला म्हणते, "हो हो, गारठा आहेच." आणि मोजे साहेबाच्या हातात कोंबले.

त्याने ते धरले. नुसते धरून राहिला. गरम मोजे गोठलेल्या हातात आले की माणसाच्या चेहऱ्याचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मग तो एकदम ताठ झाला आणि म्हणाला, "बाई, मला भेट घेता येत नाही. तसा नियम आहे." "मग दे परत," केझाया म्हणाली, तिला फुकटची मनधरणी येत नाही. साहेबाने मोज्यांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, चर्चच्या घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं. परत देण्यासाठी हात पुढे केला, पण बोटं काही सुटेनात. सगळा चौक त्याच्या बोटांकडे बघत होता. एडकासुद्धा उभा.

"किंमत काय याची?" साहेब शेवटी म्हणाला.

"किंमत? मी कधी लावलीच नाही बाई."

त्याने खिशातून एक नाणं काढलं. ती म्हणाली, छे, एवढं नको. तो म्हणाला, हे कमीच आहे. ती म्हणाली, निम्मं दे. तो म्हणाला, निम्मं दिलं तर उरलेलं निम्मं भेट धरलं जाईल, ते मला चालायचं नाही. सातशे वर्षांत या चौकात अशी घासाघीस कोणी ऐकली नसेल, गिऱ्हाईक भाव वर नेतंय आणि विकणारी खाली ओढतेय! वर मनोऱ्यात यंत्र कुरकुरायला लागलं, ठोक्याआधी कुरकुरतं तसं. तो आवाज मला माहीत, साहेबाला नव्हता. मी आता तोंड उघडणार, इतक्यात त्याने केझायाची मूठ उघडली, नाणं आत ठेवलं, मूठ मिटवली आणि म्हणाला, "आजी, घ्या ना हो. माझे पाय गेले." ती म्हणाली, "बरं बाबा, तुझ्या समाधानाला."

आणि बाराचा पहिला ठोका पडला.

मी घंटा वाजवली की रडलो, मला सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही एकदम केलं. लोकांनी टोप्या उडवल्या. जेबेझने एडक्याचा मुका घेतला आणि त्याचा प्रसाद त्याला मिळाला. साहेब पायरीवर बसून मोजे चढवत होता. मी जवळ गेलो आणि विचारलं, "साहेब, काय लिहिणार?"

"झालं ते," तो म्हणाला. "बाराच्या आत विक्री झाली. घेणारा परगावचा. नाव पर्स्लो." मग थोडा वेळ पाय हलवून बघत बसला. "काल तुम्हाला म्हटलं होतं, काही घेणार नाही. वरचे लोक मला सोलून काढतील. नोकरी गेली तर आजींपाशी विणायला बसेन." मग चौकाकडे, दारांवर मांडलेल्या चीजकडे, वाफाळणाऱ्या माणसांकडे बघत म्हणाला, "मोटारींना ही जागा तशी अरुंदच आहे, नाही?"

ते त्याने लिहिलंसुद्धा. कौन्सिलने सध्या विषय बाजूला ठेवलाय. तेव्हा दाजींना सांग, बिअरचे पैसे वाया गेले. प्लेगने मोडला नाही, तोफांनी मोडला नाही, आणि या बर्फाचीही तेवढी ऐपत नव्हती. अँब्रोजच्या रांगेत आता माझाही एक मंगळवार आहे, एवढं म्हणण्याचा मला हक्क आहे असं मला वाटतं. विनी म्हणते, मोजे केझायाचे, टक्कर एडक्याची, पैसे साहेबाचे, यात तुमचं काय? पण तिचं माहेर टेकडीपलीकडचं. तिला इतिहासात गती नाही.

लहानांना आशीर्वाद, दाजींना जेवढा योग्य वाटेल तेवढा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना ऊब.

तुझा,
ऑस्बर्ट

ता. क. – पर्स्लो साहेबाचं कार्ड आलंय. नोकरी शाबूत आहे. एक मोजा दुसऱ्यापेक्षा लांब निघाला (केझायाचे निघतातच), पण बदलून नको म्हणतो. थंडी सरली की एखाद्या मंगळवारी येईन म्हणतो, या खेपेला सॉसेज खायला.

पुन्हा ता. क. – तुमच्या शनिवारच्या बाजारात पुलाजवळचा तो चीजवाला बसतो, त्याच्याकडचं चीजचं एक मोठं चाक घेऊन ठेव. आपल्याकडचं चीज इतिहासाला चांगलं आहे, पण विनी खात नाही. बांधताना साधा कागद वापर. ब्रॅकनथॉर्पचं नाव छापलेला नको.

आणखी एक, आणि हे दाजींना वाचून दाखवू नकोस. त्या दिवशी गल्लीगल्लीत ओरडलो, त्या रात्रीपासून माझा आवाज गेला आहे. कमी झाला नाही, गेला. नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतो, परत येईल किंवा येणारही नाही, आणि वसंतापर्यंत कुजबुजायचंसुद्धा नाही. विनी एरवी देवाचे आभार मानते, पण काल भांडी घासताना रडत होती. म्हणून तर इतकं लांब लिहिलं. बोलता येत नाही, दुसरं करू काय? मागच्या मंगळवारी पाद्रीने पुकारलं. लोकांना वाटलं कोणाची तरी अंत्ययात्रा आहे.

पुकारणारा इथे जन्मलेला हवा, एवढाच रिवाज आहे. पुरुष हवा असं कोणी कुठे म्हटलेलं नाही; मी सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं, म्हणजे पाटीवर लिहून विचारलं. बाबांनी मला हाक मारायला तुला पाठवलं की पठारावरच्या मेंढ्याही घरी यायच्या, हे जेबेझला अजून आठवतं. बस चालू झाली आहे. मंगळवारी सकाळच्या बसने ये, दाजींनाही आण. परगावचा माणूस हाताशी असलेला बरा, आणि त्यांना एक एडका दाखवायचा आहे. अंगरखा विनीने तुझ्या मापाचा करून ठेवलाय.

घंटा मी वाजवीन. ओरड तू.